डालेकचा रंग : 'डॉक्टर हू' मालिकेच्या लघुप्रतिमा आणि संग्राहकाची स्मृती

प्रास्ताविक

बालपणी पाहिलेल्या दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रांच्या लघुप्रतिमा प्रौढ वयात जमवणे, त्या स्वतः रंगवणे आणि टेबलावर मांडून त्यांचा खेळ खेळणे हा छंद समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. आलाच तर त्याची वासलात दोन ठरावीक शेऱ्यांत लावली जाते. स्मरणरंजनाचा बाजार हा एक शेरा आणि मोठ्या माणसांचा पोरखेळ हा दुसरा. या दोन्ही शेऱ्यांमागे एकच गृहीत आहे. पडद्यावरची मालिका हे मूळ आणि लघुप्रतिमा ही तिची नक्कल, असे ते गृहीत होय. ते तपासून पाहण्यासाठी ब्रिटनमधील 'डॉक्टर हू' या मालिकेइतके सोयीचे उदाहरण मिळणे कठीण. कारण या मालिकेच्या बाबतीत मूळच मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले आहे आणि जे उरले आहे ते प्रेक्षकांनी पाहिले तसेच आहे, असेही म्हणता येत नाही.

लघुप्रतिमा ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने घेतली आहे. हातपाय हलवता येणारी बाहुली किंवा काचेच्या कपाटात ठेवण्याचा तयार पुतळा तीत येत नाही. कथिलाच्या मिश्रधातूत किंवा प्लॅस्टिकमध्ये ओतलेली, साधारणतः पंचवीस ते अठ्ठावीस मिलिमीटर उंचीची, बिनरंगाची विकली जाणारी आणि फाशांच्या आधारे चालणाऱ्या खेळात टेबलावर फिरवली जाणारी प्रतिमा, एवढाच तिचा अर्थ. इंग्लंडमधील या छंदाची वंशावळ एच. जी. वेल्स यांच्या १९१३ सालच्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकापर्यंत नेता येते. महाराष्ट्रातील वाचकाला या प्रकाराची काहीशी कल्पना दिवाळीतील मातीच्या किल्ल्यावरून येऊ शकेल. मात्र तेथील प्रमाण मानावरून ठरते. सिंहासनावरचे महाराज बुरुजाहून उंच असले आणि तोफेशेजारी गवळण उभी असली तरी कोणाला ते खटकत नाही, आणि सण सरला की किल्ला ढासळू दिला जातो. इंग्रजी छंदात प्रमाणाची शिस्त कडक आहे, आणि ढासळू देणे तर त्याला मुळीच मान्य नाही. त्याच्या संग्राहकाचे सगळे भांडण नाहीसे होण्याशीच आहे.

नाहीसे झालेले मूळ

'डॉक्टर हू'चा पहिला भाग बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रक्षेपित केला. आदल्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागापूर्वी पहिला भाग पुन्हा दाखवला गेला. पोलिसांच्या रस्त्यावरील निळ्या दूरध्वनी-पेटीसारख्या दिसणाऱ्या यानातून काळात आणि अवकाशात भटकणारा एक विक्षिप्त म्हातारा, ही मालिकेची कल्पना होती. पहिल्या कथेचे दिग्दर्शन लखनौ येथे १९३८ साली जन्मलेले वारिस हुसेन यांनी केले. कादंबरीकार अतिया हुसेन यांचे ते चिरंजीव. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

मालिकेला लोकप्रिय केले ते डालेक या यंत्रदेही शत्रूंनी. डिसेंबर १९६३ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या कथेत ते अवतरले. लेखक टेरी नेशन, रचनाकार रेमंड कुसिक. नेशन स्वतंत्र लेखक असल्यामुळे डालेकच्या व्यापारी हक्कांत त्यांचा वाटा राहिला. कुसिक बीबीसीचे नोकर असल्याने ज्या आकृतीची कोट्यवधी वेळा नक्कल झाली त्या आकृतीचे स्वामित्वधन त्यांना मिळाले नाही. लघुप्रतिमांच्या चर्चेत हा तपशील क्षुल्लक नव्हे. संग्राहक जी वस्तू हाताळतो तिचा आकार कुसिक यांचा आहे. कथा त्या मानाने विसरली जाते.

आजच्या प्रेक्षकाला ध्यानात घेणे अवघड जाते ते असे की, ही मालिका एकदा पाहण्यासाठी होती. चित्रफिती महाग होत्या व पुसून पुन्हा वापरता येत होत्या, पुनःप्रक्षेपणावर कलावंतांच्या करारांची बंधने होती, आणि परदेशी विक्रीची मुदत संपली की चित्रपटपट्ट्यांच्या प्रतींचा उपयोग संपत असे. १९६७च्या सुमारास सुरू झालेला हा विध्वंस १९७८च्या सुमारास थांबला, तोपर्यंत पहिल्या सहा वर्षांतील २५३ भागांपैकी फार मोठा हिस्सा गेला होता. अधूनमधून परदेशातून काही परत येते. 'द टूम ऑफ द सायबरमेन' ही कथा हाँगकाँगमधून मिळून १९९२ साली पुन्हा दाखल झाली. २०१३ मध्ये नायजेरियात सापडलेले नऊ भाग जाहीर झाले. तरीही नव्वदहून अधिक भाग दीर्घकाळ बेपत्ता राहिले आहेत. ध्वनी मात्र सर्व भागांचा उरला आहे, कारण घराघरांतून काही मुलांनी दूरचित्रवाणी संचाजवळ ध्वनिमुद्रक ठेवून तो टिपून घेतला होता. याखेरीज जॉन क्युरा नावाचे छायाचित्रकार प्रक्षेपण चालू असताना पडद्याची छोटी छायाचित्रे काढून ती नटांना व दिग्दर्शकांना विकत असत. आवाज एका बाजूला, गोठलेली चित्रे दुसऱ्या बाजूला, अशा अवस्थेत हे भाग उरले आहेत.

हार्लेक्विन या इंग्रजी कंपनीने धातूच्या 'डॉक्टर हू' लघुप्रतिमांची विस्तृत श्रेणी १९९०च्या दशकाच्या अखेरीस काढली. त्याआधी, १९८०च्या दशकाच्या मध्यात, सिटाडेल आणि अमेरिकेतील फासा या नावांनी अशा प्रतिमा मिळत होत्या. फासाचा भूमिकाखेळ १९८५चा. वॉरलॉर्ड गेम्सने २०१७ साली नवी श्रेणी आणली. यांपैकी हार्लेक्विनचा काळ विशेष विचार करण्याजोगा आहे. डिसेंबर १९८९ मध्ये मालिका बंद पडली होती; १९९६चा एक दूरचित्रपट सोडला तर मार्च २००५ पर्यंत ती परतली नाही. म्हणजे चालू कार्यक्रमाच्या लोकप्रियतेवर स्वार होऊन माल खपवण्याचा हा प्रसंग नव्हता. पडदा रिकामा होता आणि टेबल भरत होते. बाजाराचा आरोप या छंदावर करणाऱ्याने निदान या कालखंडाचे स्पष्टीकरण द्यावयास हवे.

करडा की रुपेरी?

दुकानातून येते तेव्हा धातूची लघुप्रतिमा करडी असते. संग्राहक तिच्यावरील ओतकामाच्या कडा घासून काढतो, सुटे भाग चिकटवतो, अस्तराचा रंग देतो. मग मूळ रंग, खाचांत उतरणारा पातळ गडद रंग आणि शेवटी उंचवट्यांवरून फिरवलेला जवळपास कोरडा ब्रश. या कामात कौशल्य लागते, पण खरी अडचण कौशल्याची नसते. १९६३ सालच्या डालेकला कोणता रंग द्यायचा, ही आहे.

प्रश्न साधा वाटतो आणि त्याचे पहिले उत्तरही उपलब्ध आहे. स्टुडिओत वापरलेले डालेक रुपेरी होते व त्यांच्या अंगावरील अर्धगोल निळे होते. परंतु हे रंग प्रेक्षकांपैकी कोणीच पाहिले नव्हते. बीबीसीचे चित्र तेव्हा ४०५ रेषांचे व कृष्णधवल होते; 'डॉक्टर हू' रंगीत झाली ती जानेवारी १९७० मध्ये, आणि त्यानंतरही काही वर्षे बहुसंख्य घरांत कृष्णधवल संचच होते. तेव्हा निळे अर्धगोल रंगवणारा संग्राहक स्टुडिओशी प्रामाणिक राहतो, आणि ज्या संध्याकाळी एखादे मूल सोफ्यामागे लपून ते दृश्य पाहत होते त्या संध्याकाळीपासून दूर जातो.

यावर काही संग्राहकांनी काढलेला तोडगा म्हणजे पांढरा, काळा आणि त्यांमधील करड्या छटा एवढ्याच वापरून प्रतिमा रंगवणे. तोडगा बुद्धिमान आहे, आणि छायाचित्रात तो प्रभावीही दिसतो. प्रत्यक्ष टेबलावर मात्र तो फसतो. दूरचित्रवाणीचा करडा रंग आतून उजळणारा होता. रंगाच्या डबीतला करडा खोलीचा प्रकाश शोषतो आणि प्रतिमेला दगडी पुतळ्याची कळा आणतो. शिवाय ती प्रतिमा ज्या हिरव्या कापडावर आणि ज्या बोटांमध्ये असते ती रंगीतच असतात. कृष्णधवल चित्रात सारे जगच रंगहीन होते, म्हणून तेथे रंगाचा अभाव जाणवत नव्हता. टेबलावर एकटा डालेक रंगहीन असतो, त्यामुळे तो आजारी वाटतो. स्मृतीशी इमान राखण्याच्या प्रयत्नात स्मृतीचा तपशील मिळतो, तिचे वातावरण मिळत नाही.

तिसरा मार्ग अभ्यासू संग्राहकांच्या दृष्टीने चुकीचा आहे, आणि तोच अधिक विचारणीय ठरतो. १९६५ साली 'डॉक्टर हू अँड द डालेक्स' हा रंगीत चित्रपट आला. त्यात लाल, काळे आणि निळसर-रुपेरी डालेक होते. त्याच वर्षी 'टीव्ही सेंच्युरी २१' या मुलांच्या साप्ताहिकात डालेकांची रंगीत चित्रकथा सुरू झाली आणि लुई मार्क्स कंपनीची डालेकची खेळणी घराघरांत होती. यांतील एकही गोष्ट दूरचित्रवाणीवरील कथेला धरून नव्हती. पण त्या काळातील मुलाच्या मनात या सर्वांची सरमिसळ झाली असल्यास नवल नाही. शनिवारी पाहिलेल्या करड्या डालेकला सोमवारी वाचलेल्या चित्रकथेचा रंग चढत असणार. म्हणून दूरचित्रवाणीच्या कथेतील डालेकला लाल रंग देणारा संग्राहक इतिहासदृष्ट्या चुकतो, पण बालपणी मालिका जशी मनात वसते तिच्या तो सर्वांत जवळ जातो. हीच रंगसंगती २०१० मध्ये बीबीसीने स्वतः पडद्यावर आणून पाहिली. लाल, निळे, पिवळे, नारिंगी आणि पांढरे असे नवे डालेक त्या चित्रपटांच्या आठवणीतून घडवले गेले. पण प्रेक्षकांच्या मोठ्या वर्गाला ते रुचले नाहीत व कांस्यवर्णी डालेक लवकरच परतले. एकट्याच्या टेबलावर जे चालते ते सर्वांच्या पडद्यावर चालत नाही.

चित्रपटात डॉक्टरची भूमिका करणारे पीटर कुशिंग हे स्वतः लघुसैनिकांचे नामांकित संग्राहक होते. हजारो प्रतिमा त्यांनी जमवल्या, पुष्कळशा हाताने रंगवल्या, आणि वेल्स यांच्या नियमांनुसार ते जमिनीवर लढाया खेळत. १९५६ सालच्या एका पाथे वार्तापटात ते तसे खेळताना दिसतात. पडद्यावरचा डॉक्टर आणि टेबलावर वाकलेला संग्राहक एकाच माणसात आढळावेत हा योगायोग सोडून देण्यासारखा नाही.

नक्कल कोणाची?

सुसान स्टुअर्ट यांनी 'ऑन लाँगिंग' (१९८४) या ग्रंथात लघुरूपाला थांबलेल्या काळाचे जग मानले आहे, आणि स्मरणवस्तू व संग्रह यांत भेद केला आहे. स्मरणवस्तू भूतकाळाकडे बोट दाखवते. संग्रह आपल्या स्वतःच्या क्रमवारीत वस्तूंना बसवून त्यांचा भूतकाळ पुसतो. बोद्रियार यांनीही १९६८ साली संग्रहाकडे मालिका पूर्ण करण्याच्या आणि तरी ती पूर्ण होऊ न देण्याच्या इच्छेचा आविष्कार म्हणून पाहिले. 'डॉक्टर हू'च्या संग्राहकाला ही मते काही अंशी लागू पडतात. डॉक्टरचा चेहरा १९६६ पासून बदलत आला आहे, तेव्हा डॉक्टरांची रांग कधीच पुरी होत नाही. रंगवलेल्या तयार मूर्ती देणारी ईगलमॉस कंपनीची नियतकालिक मालिका २०१३ मध्ये सुरू झाली. तिच्या ग्राहकाजवळ क्रमांक असतात, निर्णय नसतात. रंग कारखान्यात ठरलेला असतो. ती कंपनी २०२२ मध्ये आर्थिक अडचणीमुळे प्रशासकांच्या हाती गेली आणि क्रमांकांची रांग मध्येच तुटली. बोद्रियार यांचे विवेचन या ग्राहकाला जितके चपखल बसते तितके ब्रश हातात घेतलेल्याला बसत नाही.

स्टुअर्ट यांच्या मांडणीलाही मर्यादा पडते. खेळातील लघुप्रतिमा थांबलेली नसते. ती सरकते, फासा पडताच मरते आणि पुढच्या रविवारी पुन्हा उभी राहते. पण याहून मोठी मर्यादा दुसरी आहे. पहिल्या डालेक-कथेसाठी केवळ चार डालेक बांधण्यात आले होते. गर्दी दाखवण्यासाठी मागे त्यांची मोठी छायाचित्रे पुठ्ठ्यावर उभी केली गेली. १९७३ सालच्या 'प्लॅनेट ऑफ द डालेक्स' या कथेत हजारो डालेकांचे सुप्त सैन्य दाखवायचे होते. त्यासाठी वापरण्यात आली ती लुई मार्क्सची, वीतभरही उंच नसलेली दुकानातील खेळणी. मालिकेवरून खेळणे निघाले, आणि ते खेळणे रांगेत उभे राहून मालिकेत परत गेले. ज्या मुलाने घरी चार खेळणी मांडून सैन्य कल्पिले होते, त्याने जे केले तेच बीबीसीच्या कलाविभागाने केले. फरक कॅमेऱ्याचा होता. मूळ आणि नक्कल यांची उतरंड येथे टिकत नाही. टेबलावर अठ्ठावीस मिलिमीटरचे वीस डालेक मांडणारा संग्राहक पडद्याची नक्कल करतो असे म्हणण्यापेक्षा, पडद्यावर जी युक्ती चालली होती तीच तो उघडपणे चालवतो असे म्हणणे अधिक योग्य.

त्याच कथेचा तिसरा भाग दीर्घकाळ केवळ कृष्णधवल प्रतीत उरला होता. २००९ सालच्या डीव्हीडीसाठी त्याला पुन्हा रंग देण्यात आला. त्या कामात प्रतीत दडलेल्या रंगखुणांची मदत झाली आणि उरलेले काम हाताने झाले. अभिलेखागाराचा तंत्रज्ञ आणि संग्राहक यांच्या पुढील प्रश्न तेव्हा एकच होता.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. साठच्या दशकातील कथांच्या प्रतिमा रंगवणारे सारेच त्या काळी प्रेक्षक नव्हते. पुष्कळांना त्या कथा १९७३ पासून निघू लागलेल्या टार्गेट प्रकाशनाच्या कादंबऱ्यांतून, त्यांच्या रंगीत मुखपृष्ठांवरून आणि नंतर ध्वनिफितींवरून भेटल्या. ज्याला बालपणीची मालिका म्हटले जाते ती त्यांनी बालपणी वाचली होती. तर मग हे स्मरणरंजन उसने नव्हे काय? उसने आहे, हे मान्य करावे लागते. आणि काही संग्रहांत, विशेषतः प्रत्येक छटेचा पुरावा देत बसणाऱ्या संग्रहांत, उसनेपणा लपवण्याची धडपड जाणवते. त्यांच्या तुलनेत जो संग्राहक आपण काय पाहिले, काय वाचले आणि काय कल्पिले हे प्रतिमेच्या रंगातच दिसू देतो, त्याचे काम सरस ठरते. 'द टूम ऑफ द सायबरमेन' परत आली तेव्हा तिच्या कीर्तीविषयी जी उलटसुलट चर्चा झाली तीही हेच सांगते. पंचवीस वर्षे लोकांनी जी कथा मनात सांभाळली होती ती पडद्यावरच्या कथेहून निराळी होती.

'मार्को पोलो'ची कातडी

रंगाचा प्रश्न सर्वांत अवघड होतो तो डालेक नसलेल्या एका कथेत. 'मार्को पोलो' ही सात भागांची कथा फेब्रुवारी ते एप्रिल १९६४ या काळात प्रक्षेपित झाली. तिचे चलच्चित्र आजवर सापडलेले नाही. पण तिच्या चित्रीकरणाची रंगीत छायाचित्रे उपलब्ध आहेत. म्हणजे प्रेक्षकांनी जे पाहिले ते गेले, आणि जे त्यांना दिसू शकले नाही ते उरले. कुब्लाई खानाच्या दरबाराचा भरजरीपणा संग्राहकाला रंगाच्या छटेपर्यंत ठरवता येतो. तेराव्या शतकातील मंगोल योद्ध्यांच्या तयार लघुप्रतिमा इतिहासविषयक युद्धखेळांसाठी मिळतातच. पोशाखापर्यंत अडचण नाही. अडचण चेहऱ्याची आहे.

त्या काळच्या ब्रिटिश रिवाजाप्रमाणे कथेतील बहुतेक प्रमुख चिनी व मंगोल पात्रे गोऱ्या नटांनी रंगभूषा करून वठवली होती. बर्मी वंशाचा वारसा असलेल्या झिनिया मर्टन हा त्यातील अपवाद. कथेच्या सातपैकी सहा भागांचे दिग्दर्शन वारिस हुसेन यांचे होते. लखनौहून आलेल्या तरुणाने इंग्रज नटांना आशियाई चेहरा चढवून उभे करावे, यातील विसंगती त्या वेळी कोणाच्या फारशी नजरेत भरली नसावी. कृष्णधवल चित्राने रंगभूषा काही अंशी झाकली. लघुप्रतिमा ती झाकू देत नाही. कुब्लाई खानाच्या चेहऱ्याला कोणता रंग द्यावा? नटाच्या त्वचेचा दिला तर पात्र उरत नाही. पात्राचा दिला तर चित्रीकरणाचा इतिहास पुसला जातो. रंगभूषेचा दिला तर ते सोंग हौशीने पुन्हा रंगवल्यासारखे होते. १९७७ सालच्या 'द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग' या कथेतील चिनी जादूगाराबाबतही हीच कोंडी आहे, आणि तेथे तर मूळ रंगीत चित्रण शाबूत असल्याने पळवाटही नाही. यावर छंदाच्या वर्तुळात तांत्रिक उत्तर शोधले जाते, त्वचेच्या रंगाची योग्य डबी कोणती या भाषेत. प्रश्न डबीचा नाही. आवडत्या मालिकेने लहानपणी जे सहज स्वीकारायला लावले, ते दोन इंचांच्या अंतरावरून आणि बारीक ब्रशने पुन्हा करताना हात थांबतो की नाही, हा आहे. ज्याचा हात थांबतो त्याने मालिकेची, कदाचित स्वतःच्याही नकळत, समीक्षा केलेली असते.

'मार्को पोलो'ची क्युरा यांनी पडद्यावरून टिपलेली छायाचित्रे वारिस हुसेन यांच्या खासगी संग्रहात मिळाली. दिग्दर्शकानेही आपल्या नाहीशा झालेल्या कामाची बोटभर आकाराची चित्रे जपून ठेवली होती. ती सहा भागांची आहेत. चौथ्या भागाचे दिग्दर्शक जॉन क्रॉकेट होते आणि त्या भागाची अशी छायाचित्रे नाहीत. १४ मार्च १९६४ रोजी दाखवलेल्या त्या पंचवीस मिनिटांचा केवळ आवाज आहे : पावले, दारांचे आवाज, मध्येच चढणारे बोलणे. कोण कुठे उभे होते ते त्यावरून कळत नाही. तो भाग टेबलावर मांडू पाहणाऱ्याला प्रत्येक प्रतिमा कुठे ठेवायची हे आवाजाच्या अंतरावरूनच ठरवावे लागते.